वाचकांचे प्रश्न : अस्वलासाठीचा स्प्रे कसा बाळगावा, केव्हा मारावा

प्रश्न : आमचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. येत्या सप्टेंबरात आम्ही दोघे, मुलगा, सून आणि दोन नातवंडे असे सगळे यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जाणार आहोत. पन्हाळा ते पावनखिंड ही वाट मी तरुणपणापासून चालत आलो आहे, त्यामुळे चालण्याची धास्ती नाही. परंतु तिथे प्रत्येकाजवळ ‘बेअर स्प्रे’ असलाच पाहिजे, असे मुलगा सांगतो. हा स्प्रे नेमका काय असतो, तो कसा बाळगायचा, आमच्या वयाच्या माणसांना तो वापरणे जमेल का, आणि इथल्या दुकानात मिळणारा पेपर स्प्रे नेला तर चालेल का?
— एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण खरेदी त्यावर अवलंबून आहे. इथला पेपर स्प्रे नेऊ नका. तो माणसासाठी केलेला असतो. त्याची बाटली मुठीत मावेल एवढी लहान असते आणि बहुतेकांची धार दोन-तीन मीटरच्या पुढे जात नाही. चवताळून अंगावर येणारे अस्वल तेवढ्या जवळ पोहोचले, म्हणजे वेळ निघून गेलेली असते. अस्वलासाठीचा स्प्रे निराळा असतो. त्याचा डबा मोठा असून त्यात किमान 225 ग्रॅम द्रव असतो, फवारा साडेसात मीटर किंवा त्याहून लांब जातो, निदान सहा सेकंद टिकतो आणि सरळ धारेऐवजी ढगासारखा पसरतो. त्यातील झोंबणारा घटक म्हणजे आपल्या मिरचीतलेच कॅप्सेसिन. कांदा-लसूण मसाल्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या की अख्ख्या गल्लीला ठसका लागतो, तोच परिणाम इथे कितीतरी पटींनी तीव्र करून एका ढगात कोंबलेला असतो. अमेरिकेत अशा स्प्रेची नोंदणी तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे करावी लागते. डब्यावर तो अस्वलासाठी असल्याचे आणि कॅप्सेसिन व तत्सम घटकांचे प्रमाण 1 ते 2 टक्के असल्याचे छापलेले असते. तेवढे वाचून, मुदतीची तारीख पाहून मगच तो घ्यावा. साधारण तीन-चार वर्षांत आतला दाब कमी होत जातो आणि जुना डबा ऐनवेळी दगा देऊ शकतो.

हा स्प्रे विमानात हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इनच्या सामानातही चालत नाही. त्यामुळे तो तिथे उतरल्यावरच घ्यायचा असतो; यलोस्टोनच्या परिसरात तो विकत मिळतो, तसेच भाड्यानेही मिळतो.

आता बाळगण्याविषयी. या उत्तरातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, असे मी मानतो. अस्वल ताशी 55 किलोमीटरच्या आसपास धावू शकते, म्हणजे वीस मीटर अंतर ते दीड सेकंदाच्या आत कापते. तेवढ्या वेळात सॅक उतरवून, तिची चेन उघडून, डब्याखाली-रेनकोटखाली दडलेला स्प्रे शोधून काढणे कोणालाही शक्य नाही. सॅकमध्ये ठेवलेला स्प्रे हा जवळ नसल्यासारखाच समजावा. तो कमरेच्या पट्ट्याला किंवा सॅकच्या छातीवरील पट्ट्याला होल्स्टरमध्ये (म्हणजे डबा चटकन उपसता येईल अशा म्यानासारख्या कप्प्यात) लावावा, आणि ज्या हाताने आपण लिहिता त्याच हाताला तो सहज यायला हवा. सॅकच्या बाजूच्या जाळीच्या कप्प्यात पाण्याच्या बाटलीशेजारी तो खोचण्याची अनेकांना सवय असते. पाठीमागे हात नेऊन तो ओढताना तारांबळ उडते, म्हणून ती जागाही नको. स्प्रे प्रत्येक प्रौढाजवळ स्वतंत्र असावा. पाचजणांत मिळून एक घेतला आणि तो ज्याच्याकडे आहे तो शंभर पावले पुढे गेला, तर उरलेल्या चौघांना त्याचा काही उपयोग नाही. नातवंडांच्या हाती मात्र तो देऊ नये.

आपल्या वयाची शंका रास्त आहे, पण इथे ताकदीपेक्षा सवय उपयोगी पडते. डब्याच्या माथ्यावर एक प्लास्टिकची सेफ्टी क्लिप असते. मूठ डब्याभोवती आवळून तर्जनी पुढच्या कडीत घालायची, अंगठ्याने क्लिप मागे ओढून काढायची आणि मग तोच अंगठा ट्रिगरवर दाबायचा, एवढीच ती कृती आहे. नव्या डब्याची क्लिप घट्ट असते. सांधेदुखीने अंगठा आखडत असेल तर दुकानातच ती ओढून पाहावी आणि जमत नसल्यास दुसऱ्या बनावटीचा डबा मागावा. सरावासाठी मिरचीविना, नुसत्या दाबाचे डबेही मिळतात. तो आणून अंगणात होल्स्टरमधून काढणे, क्लिप उडवणे आणि फवारणे असे दोघांनीही पुनःपुन्हा करावे. हात विचारावाचून चालेपर्यंत हा सराव झाला पाहिजे, असा माझा आग्रह आहे. कारण प्रत्यक्ष प्रसंगी डोके नव्हे, सवयच कामी येते.

मारण्याची वेळ अशी. अस्वल लांबवर चरत असेल तर स्प्रेचे काही काम नाही. यलोस्टोनच्या नियमानुसार अस्वलापासून निदान 91 मीटर दूर राहणे बंधनकारक आहे, तेव्हा शांतपणे मागे सरावे. ते आपल्या रोखाने येऊ लागले, तर पळू नये, डबा हातात घेऊन क्लिप काढावी. अंतर अठरा मीटरच्या आत आले की दोन-तीन सेकंदांचा फवारा सोडावा. नेम अस्वलाच्या तोंडावर न धरता त्याच्या किंचित पुढे आणि थोडा खाली धरावा, जेणेकरून ते धावत त्या ढगात शिरेल; उंच मारलेला फवारा त्याच्या डोक्यावरून निघून जातो. बाजूचा वारा असेल तर त्या हिशेबाने नेम सरकवावा, आणि ते थांबले नाही तर पुन्हा, या वेळी थेट तोंडावर, फवारत राहावे. ते वळले की आपणही ती जागा सोडावी. परिणाम कायमचा नसतो, आणि फवाऱ्यानंतर तिथेच थांबून फोटो काढणे हा वेडेपणा आहे.

इतके करून तो खरोखर उपयोगी पडतो का? अलास्कात 1985 ते 2006 या काळात घडलेल्या, स्प्रे वापरल्याच्या 83 घटनांचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. त्यात तपकिरी अस्वलांचे नको असलेले वागणे 92 टक्के वेळा आणि काळ्या अस्वलांचे 90 टक्के वेळा थांबले. जवळून गाठ पडलेल्या आणि स्प्रे जवळ असलेल्या माणसांपैकी 98 टक्के लोकांना अस्वलाकडून इजा झाली नाही. वाऱ्याचा अडथळा फार थोड्या घटनांत आला आणि त्या घटनांतही फवारा अस्वलापर्यंत पोहोचला. तरीही स्प्रे कमरेला आहे म्हणून झाडीत बिनधास्त शिरू नये. तिघे-चौघे एकत्र चालावे, वळणावर आणि ओढ्याच्या आवाजात मोठ्याने बोलत जावे, पहाटे आणि तिन्हीसांजेला पायवाटा टाळाव्यात. बेसावध अस्वलाला दचकवणे हेच बहुतेक हल्ल्यांचे मूळ असते.

एक सूचना मुलालाही द्या. स्प्रेची मुभा सगळीकडे नसते. कॅलिफोर्नियातील योसेमिटी उद्यानात तो जवळ बाळगण्यासच बंदी आहे. तिथेही जाणार असाल तर आधी नियम पाहून घ्यावेत.

प्रश्न : वरील प्रवासाला मीही सोबत असणार आहे. मला दम्याचा त्रास आहे. तंबूवर आणि बॅगांवर आधीच थोडा स्प्रे मारून ठेवला तर अस्वल जवळ येणार नाही ना? आणि चुकून आमच्याच डोळ्यांत गेला तर काय करावे?
— त्यांच्या सौभाग्यवती

उत्तर : ताई, तंबूवर तो मुळीच मारू नका. डासांसाठी आपण अंगाला मलम लावतो, तसा हा प्रकार नाही. हवेतला ताजा ढग अस्वलाचे नाक, डोळे आणि श्वास झोंबवतो, म्हणून ते माघार घेते. पण जमिनीवर किंवा कापडावर वाळलेल्या अंशाचा वास त्याला उलट ओढून आणतो. फवारलेल्या जागी तपकिरी अस्वले येऊन ती हुंगतात, चाटतात, तिच्यावर लोळतात, हे अलास्कातच नोंदले गेले आहे.

डोळ्यांत गेल्यास चोळू नये, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर लगेच काढाव्यात आणि भरपूर गार पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळे धूत राहावे. कातडीला साबण लावून धुवावे व कपडे बदलावेत. मिरची चिरून हात भगभगू लागले की आपण खोबरेल तेल चोळतो. इथे तेल, तूप किंवा कोणतेही क्रीम लावू नका, कारण कॅप्सेसिन तेलात विरघळून आणखी पसरते आणि कातडीला धरून राहते. त्रास सहसा पाऊण-एक तासात ओसरतो. परंतु आपल्याला दमा असल्याने इनहेलर खिशात ठेवा, फवारताना शक्य तर वारा आपल्या पाठीकडून पुढे वाहील अशा बाजूला राहा, आणि श्वास लागला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरकडे जा.

गाडीतली काळजी मला याहून अधिक वाटते. हा डबा दाबाखाली भरलेला असतो आणि तापमान 50 अंशांच्या वर गेले तर फुटू शकतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत डॅशबोर्डवर तेवढी उष्णता सहज होते. बंद काचांच्या गाडीत तो चालता चालता फुटला, तर गाडी चालवणाऱ्याला डोळे उघडता येणार नाहीत. म्हणून प्रवासात क्लिप जागेवर आहे ना हे पाहून, तो घट्ट झाकणाच्या डब्यात घालून, मागे सामानाच्या कप्प्यात सावलीत ठेवावा. याउलट कडाक्याच्या थंडीत आतला दाब उतरतो आणि फवारा जवळच पडतो, म्हणून रात्री तो तंबूत हाताशी आणि उबेत असलेला बरा.

प्रश्न : आम्ही गारगोटीच्या पाच-सहा मित्रांचा ट्रेकिंग ग्रुप आहोत. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात अस्वल आणि गवा दोन्ही आहेत. आम्ही असा स्प्रे मागवावा का?

उत्तर : माझे मत नको असे आहे. आपल्याकडील अस्वल हे वेगळ्या जातीचे. वाळवी, मध, करवंदे, जांभळे यांवर ते जगते, दिवसा कपारीत किंवा दाट झुडपात पडून राहते, आणि त्याची नजर व कान फारसे तल्लख नसल्याने माणूस अगदी पुढ्यात आला की घाबरून थेट चेहऱ्यावर आणि डोक्यावर झेपावते. झुडपातून तीन-चार पावलांवर उठलेल्या अस्वलापुढे डबा काढायला वेळच मिळत नाही. गव्यासाठी तर हा स्प्रे केलेलाच नाही. सहाशे-सातशे किलोंचे जनावर बिथरले तर झाडाचा किंवा मोठ्या दगडाचा आडोसाच गाठावा लागतो. भर पावसाळ्यात, गर्दीच्या वाटेवर एखाद्याच्या हातून क्लिप निसटली तर पाठोपाठ चालणाऱ्या दहाजणांना तो फवारा बाधेल, हेही लक्षात घ्यावे.

त्यापेक्षा 1958 पासून अभयारण्य असलेल्या या जंगलात वनखात्याच्या परवानगीने, स्थानिक वाटाड्या सोबत घेऊनच जावे. उजाडल्यानंतर चालायला लागावे, दिवस मावळण्याआधी गावात पोहोचावे, काठी आपटत आणि बोलत चालावे, करवंदांच्या जाळ्या व कपारी यांच्या अगदी कडेने जाऊ नये. पाठीवर पिल्ले घेतलेली अस्वलीण दिसली, तर आहात तिथूनच सावकाश मागे फिरावे. अस्वलाला दगड मारणे, गव्याला घेरून व्हिडिओ काढणे असले प्रकार कोणी करत असेल तर त्याला तिथल्या तिथे रोखा, आणि वस्तीजवळ प्राणी आढळल्यास वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

प्रश्न : सहलीनंतर न वापरलेला डबा आठवण म्हणून कोल्हापूरला आणता येईल का?
— राजारामपुरीचे तेच वाचक

उत्तर : नाही. परतीच्या विमानातही त्याला बंदीच आहे. भाड्याचा असेल तर दुकानात परत करावा. विकतचा असेल तर मुलाकडे, मुदत संपेपर्यंत, मुलांच्या हाती लागणार नाही अशा थंड जागी ठेवावा, किंवा उद्यानात असे डबे जमा करून घेण्याची सोय आहे तिथे द्यावा. कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. तो कचरा दाबताना फुटला, तर त्रास सफाई कामगाराला होतो.