वाचक विचारतात: खडकवासल्याला शिकवणारी माणसं येतात कुठून?

प्रश्न: माझी मुलगी बारावी सायन्सला आहे, एनडीएच्या, म्हणजे खडकवासल्याच्या नॅशनल डिफेन्स अकॅडमीच्या, लेखीची तयारी जोरात चाललीय, इथेच स्टेशनजवळ क्लास लावलाय. पण तिच्या आजोबांचं म्हणणं की तिथे सगळे फौजीच शिकवणार, म्हणजे अभ्यास नावापुरता, आणि उद्या नोकरी सोडावीशी वाटली तर पोरीच्या हातात काय? – एक आई, चरई, ठाणे

उत्तर: ताई, आजोबांची काळजी अगदी खरी आहे पण माहिती अर्धी आहे. मी स्वतः एनडीएत अकरा वर्षं इंग्लिश शिकवलंय, सिव्हिलियन म्हणून, आता रिटायर होऊन नौपाड्यात राहतो, त्यामुळे जे सांगतोय ते डोळ्यांनी बघितलेलं आहे.

एनडीए म्हणजे आधी कॉलेज आहे हो. तीन वर्षं, सहा टर्म, आणि डिग्री दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठाची. बीए, बीएस्सी, कॉम्प्युटर सायन्स, आता बीटेकही. त्यामुळे मॅथ्स, फिजिक्स, केमिस्ट्री, इतिहास, राज्यशास्त्र, इकॉनॉमिक्स हे शिकवायला विषयातली माणसंच लागतात. ती बहुतेक सिव्हिलियन, यूपीएससीने निवडलेली, असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागतात आणि तिथेच प्रोफेसर होतात. अकॅडमीचा कमांडंट म्हणजे प्रमुख तीन स्टारवाला, लेफ्टनंट जनरल किंवा त्याच्या बरोबरीचा, कधी आर्मीचा, कधी नेव्हीचा, कधी एअरफोर्सचा, पण शिक्षणाची बाजू बघणारा प्रिन्सिपल सिव्हिलियन प्राध्यापक असतो, हे आजोबांना नक्की सांगा.

त्यांच्याच शेजारी वर्गात उभे असतात युनिफॉर्ममधले शिक्षक, आर्मी एज्युकेशन कोअरचे वगैरे, तेही एमए एमएस्सी झालेले. आणि मग खरे फौजी. स्क्वाड्रनमधले, म्हणजे मुलं ज्या गटांत राहतात त्यातले, डिव्हिजनल ऑफिसर म्हणजे कॅप्टन, मेजर, नाहीतर नेव्ही-एअरफोर्समधले त्यांच्या बरोबरीचे. हे कुणी बॉर्डरवरच्या पलटणीतून आलेले, कुणी जहाजावरून उतरलेले, दोन-तीन वर्षं राहतात आणि परत आपल्या युनिटला जातात. बोटी-शिडांचं शिक्षण खडकवासल्याच्याच पाण्यावर, पीकॉक बेला, ते नेव्हीवाले देतात. ड्रिल आणि पीटी शिकवणारे जेसीओ (सुभेदार वगैरे) आणि हवालदार, त्यांना सगळे उस्ताद म्हणतात, आणि माझ्या मते पहिल्या टर्ममध्ये मुलांवर सगळ्यात खोल ठसा उस्तादांचाच उमटतो, आम्हा प्राध्यापकांचा नाही.

एक प्रसंग सांगतो म्हणजे हे मिश्रण का लागतं ते कळेल. सकाळचा पहिला तास. मुलं ओळीने सायकलींवरून येतात, मी वर्गात शिरलो की क्लास सीनियर सगळ्यांना सावधान करून रिपोर्ट देतो, बसतात, आणि दहा मिनिटांत माना पडायला लागतात. मग एकेक जण आपणहून उठून मागच्या भिंतीशी जाऊन उभा राहतो आणि हातात वही धरून उभ्या उभ्याच लिहितो. नवीन होतो तेव्हा मला फार राग यायचा, माझ्या तासाला असं मधेच उठतात म्हणजे काय! शेजारच्या वर्गावर एज्युकेशन कोअरचे एक मेजर होते, ते म्हणाले, सर, ही पोरं पहाटेपासून पळतायत, जो उठून मागे गेला त्यालाच ऐकायचंय असं समजा. हे मला एमए करताना कुणी शिकवलं नव्हतं, त्यांना माहीत होतं कारण तेही ट्रेनिंगमध्ये असेच कुठल्यातरी भिंतीशी उभे राहिले होते. आणि तेच मेजर टर्म संपताना निबंधांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे यायचे, मार्क कसे द्यायचे ते विचारायला.

मुलीबद्दल म्हणाल तर मुलींची पहिली बॅच २०२२ मध्ये आत गेली आणि मे २०२५ मध्ये त्यातल्या १७ जणी पास आऊट झाल्या. डिग्री पूर्ण वजनाची आहे, त्याची चिंता मनातून काढा, आत्ता चिंता करायचीच तर लेखीच्या ३०० मार्कांच्या मॅथ्सची करा.

प्रश्न: मी नेरूळला सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, फिजिक्स शिकवते, एमएस्सी आणि नेट झालंय, चार वर्षं झाली पण पर्मनंटचं काही दिसत नाही. अशा मिलिटरी कॉलेजात माझ्यासारखीला शिकवता येईल का? – एक प्राध्यापिका, नवी मुंबई

उत्तर: येईल, आणि तुम्ही प्रयत्न करावाच असं मला मनापासून वाटतं, सीएचबीत चांगली चांगली माणसं झिजून जाताना मी बघितलीत.

दोन रस्ते आहेत. एक, सिव्हिलियन राहून. यूपीएससीच्या साइटवर एनडीएच्या असिस्टंट प्रोफेसरच्या जाहिराती येतात, ऑनलाइन अर्ज, मग छाननी आणि इंटरव्ह्यू. जागा थोड्या असतात आणि दर वर्षी तुमच्याच विषयाची निघेल असं नाही, म्हणून साइट नियमित बघत जा, वयाची अट नीट वाचा आणि कॉलेजकडून अनुभवाचं सर्टिफिकेट आत्ताच व्यवस्थित तारखांसकट घेऊन ठेवा, सीएचबीवाल्यांचं घोडं नेमकं तिथेच अडतं.

दुसरा, युनिफॉर्म घालून. नेव्हीला एज्युकेशन ब्रँच आहे, फिजिक्सवाल्यांना घेतात, ट्रेनिंग केरळात एळिमलाला. एअरफोर्सची एज्युकेशन ब्रँच एएफकॅट या त्यांच्या प्रवेश परीक्षेतून. आर्मीची एज्युकेशन कोअर, त्यांचं मुख्य केंद्र मध्य प्रदेशात पचमढीला. सगळीकडे एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्या आणि इंटरव्ह्यूचे, पाच दिवस आहेतच. यात पोस्टिंग कुठेही होईल आणि नेहमी शिकवायलाच मिळेल असंही नाही, ते घरी बोलून ठरवा. पण बाईमाणसाला तिथे पुढे वाव नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आर्मीत बायकांना पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, द्यायला २००८ मध्ये सुरुवात झाली ती कायदा शाखा आणि एज्युकेशन कोअर या दोनच ठिकाणी. आणि आपल्या लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर बघा, पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजात, शिकल्या, लहान मुलांच्या किडनीच्या डॉक्टर, त्याच एएफएमसीच्या डीन झाल्या आणि नंतर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू.

प्रश्न: जावई मेजर आहेत, त्यांचं तामिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजला, म्हणजे सैन्यातल्या ऑफिसरांच्या पुढच्या शिक्षणाच्या कॉलेजला, सिलेक्शन झालंय. मेजरला शिकवणारे तिथे असतात तरी कोण? – एक सासरे, खारघर

उत्तर: अभिनंदन काका, ही मोठी गोष्ट आहे! तिथल्या शिक्षकांना डायरेक्टिंग स्टाफ म्हणतात, बोलताना नुसतं डीएस. बहुतेक लेफ्टनंट कर्नल, कर्नल आणि नेव्ही-एअरफोर्समधले त्यांच्या बरोबरीचे, हा कोर्स स्वतः केलेले, म्हणजे जावईबापूंपेक्षा थोडीच वर्षं पुढे. ते फळ्यासमोर उभं राहून धडा शिकवत नाहीत, छोटा ग्रुप असतो, सिंडिकेट म्हणतात, त्याच्यापुढे प्रश्न टाकतात आणि तिन्ही दलांच्या आणि परदेशी ऑफिसरांना वाद घालायला लावतात. अशी नेमणूक चांगल्या रेकॉर्डवाल्यालाच मिळते. आपले पुण्याचे जनरल नरवणे लष्करप्रमुख व्हायच्या खूप आधी मध्य प्रदेशात महूच्या आर्मी वॉर कॉलेजात असेच शिकवायला होते.

आणि हे स्टाफ कॉलेज मूळचं आपल्याकडचं बरं का, १९०५ मध्ये देवळालीला सुरू झालं, १९०७ मध्ये क्वेट्टाला गेलं, आणि फाळणीत क्वेट्टा पलीकडे राहिल्यावर तिथेच शिकवणाऱ्या कर्नल एस. डी. वर्मांनी ते निलगिरीत नव्याने उभं केलं. कोर्स साधारण ४५ आठवड्यांचा, फॅमिली सोबत नेता येते. लेकीला स्वेटर आणि शाली जास्त द्या, खारघरच्या हवेवरून तिथल्या जूनचा अंदाज येत नाही.