पेशी वाढतील हो, पण गाठ ओळखतील का?

प्रश्न : डॉक्टर, आमची मांजर चिंगी 9 वर्षांची, साडेतीन किलोची. मागच्या महिन्यात पोटाला हात लावताना स्तनाशी वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. सुई घालून तपासणी झाली, कॅन्सर निघाला, आमचे डॉक्टर म्हणतात ऑपरेशन लवकर करा. पण जपानमध्ये मांजराचं रक्त काढून त्यातल्या पांढऱ्या पेशी लॅबमध्ये वाढवतात आणि सलाईनमधून परत देतात असं कळलं. ऑपरेशनऐवजी हे चालेल का? तिचा मुलगा बोक्या धडधाकट आहे, त्याचं रक्त घेतलं तर?

उत्तर : ताई, आधी ऑपरेशनची तारीख घ्या आणि मग पुढचं वाचा, खरंच सांगतोय. मांजरांच्या स्तनातल्या गाठी 10 पैकी 8-9 वेळा कॅन्सरच्याच असतात, आणि गाठ 2 सेंटीमीटरच्या आत असताना काढलेली मांजरं पुष्कळ जास्त जगतात. तुमची वाटाण्याएवढी आहे म्हणजे वेळेत सापडलीय, ती वेळ जपानच्या नादात घालवू नका. नुसती गाठ न काढता त्या बाजूची स्तनांची अख्खी रांग काढावी लागते, जखम मोठी दिसेल, घाबरू नका.

आता पेशींचं. जपानमधल्या काही प्राण्यांच्या दवाखान्यांत हे करतात, खोटं नाही. मानेच्या शिरेतनं 10 मिली रक्त घ्यायचं (चिंगीच्या अंगात एकूण 200 मिलीच्या आसपास असेल, तेवढं ती सहज सोसेल), ते एका जड द्रावणावर अलगद सोडायचं आणि मशीनमध्ये गरागरा फिरवायचं. लाल पेशी तळाला, पिवळसर पाणी वर आणि मध्ये सायीसारखा एक पातळ पांढुरका थर, आपल्या कामाच्या, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी त्या थरात. लिहायला सोपं आहे. पीजीला असताना मी मांजराच्या रक्तावर हे पहिल्यांदा केलं तेव्हा तो थर दिसलाच नाही, सगळा गुलाबी गाळ, कारण मांजराच्या प्लेटलेट मोठ्या असतात आणि जरा कुठे शीर शोधताना सुई हलली की एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात. कुत्र्याचं रक्त त्यामानाने गुणी.

मग त्या पेशींना जागं करायला एक प्रोटीन लागतं, कॉन्कॅनॅव्हलिन ए, ते येतं जॅक बीनमधून, म्हणजे आपल्या अबईच्या शेंगांच्या भावकीतलं. (1960 मध्ये पीटर नोवेलना राजम्याच्या प्रोटीनने पेशी वाढतात हे दिसलं होतं, कडधान्यांचा हा गुण जुनाच.) जाग्या झाल्या की इंटरल्युकिन-2 वर (पेशींना वाढायला सांगणारं प्रोटीन) वाढवायच्या, आणि माणसाचं इंटरल्युकिन-2 मांजराच्या पेशींना चालतं ही मोठी सोय. दीड कोटी पेशी हाताला लागल्या आणि दोनेक आठवड्यांत पाचदा दुप्पट झाल्या तर 48 कोटी.

पण ताई, वाढल्या म्हणजे त्या चिंगीची गाठ ओळखून तिथेच जातील असं नाही ना. गर्दी जमवली पण पत्ता कुणालाच दिला नाही, असं ते आहे. अमेरिकेत डॉक्टर स्टीव्हन रोझेनबर्गनी 1980च्या दशकात माणसांमध्ये अशाच पेशी इंटरल्युकिन-2 बरोबर दिल्या, काहींच्या गाठी खरंच विरघळल्या, बऱ्याच जणांच्या नाही, आणि औषधाचा त्रास चिक्कार. पवईच्या आयआयटीत 4 एप्रिल 2024 ला ज्या कार-टी उपचाराचं लोकार्पण झालं त्यात रुग्णाच्या पेशींच्या जीनमध्येच पत्ता घातलेला असतो, आणि तोही काही रक्ताच्या कॅन्सरसाठीचा, स्तनाच्या गाठीचा नाही.

बोक्याचं रक्त नको. पोटचा मुलगा असला तरी त्याच्या पेशी तिच्या शरीराला अर्ध्या परक्याच, शरीर त्या हाकलणार नाहीतर त्याच तिच्यावर उलटणार. आणि एक, चिंगीची एफआयव्ही (माणसांच्या एचआयव्हीसारखा मांजरांचा व्हायरस) टेस्ट झालीय का? तो व्हायरस याच पेशींत राहतो, पेशी वाढवा की तोही वाढतो. 1986 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेटालुमाच्या मांजरांमध्ये तो सापडला तोच मुळी त्यांच्या रक्तातल्या पेशी अशा लॅबमध्ये वाढवताना. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर हा विषय बंद, ऑपरेशन मात्र तरीही होतं. ऑपरेशनला जाण्याआधी छातीचा एक्स-रे काढून घ्या, तिथे काही पसरलंय का ते आधी बघावं लागतं.

प्रश्न (दुसऱ्या वाचकाचा) : माझ्या बोक्याचं तोंड आतून लालभडक, जेवताना किंचाळतो. स्टेम सेलने बरं होतं म्हणतात, खरं का?

उत्तर : दादा, या स्टेम सेल, म्हणजे इतर पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी, रक्तातल्या नाहीत, चरबीतल्या. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात बोआझ आर्झींच्या टीमने 2016 मध्ये 7 मांजरांना त्यांच्याच चरबीतून वाढवलेल्या 2 कोटी पेशी महिन्याच्या अंतराने दोनदा दिल्या, 5 जणांना फरक पडला, त्यातले 3 पूर्ण बरे. पण त्या सगळ्यांचे दात आधीच काढलेले होते, तरी सूज जात नव्हती म्हणून हा प्रयोग. तुमच्या बोक्याचे दात अजून तोंडात आहेत का? असतील तर आधी दातांचा एक्स-रे काढा, बऱ्याच मांजरांचं दुखणं दात काढल्यावरच थांबतं, आणि बिनदाताचं मांजर ओलं खाणं मजेत खातं.