उत्तर: लिफ्टनंतर तापणारे ब्रेक, थरथर आणि पुढच्या खरेदीचा क्रम

आपला प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यातला निम्मा भाग मीच कधीतरी लिहिला असावा असे वाटले. पुढे-मागे सलग ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आस) आणि पाटे (लीफ स्प्रिंग) असलेली जुनी डिझेल पिकअप, पार्ट-टाइम फोर-व्हील-ड्राइव्ह (गरजेपुरतीच चारही चाके चालवणारी), चार इंचांची लिफ्ट, म्हणजे चासी उंच करणारा किट, बसवून घेतलेली. त्यानंतर ठरावीक वेगाला खालून जाणवणारी थरथर, लांब उतारावर पुढच्या चाकांमधून येणारा जळका वास, आणि या दोन्हींवर वर्कशॉपचे एकच उत्तर, की लिफ्ट केलेल्या गाड्या अशाच चालतात. त्यावर आपण विचारले आहे की आता ३३ इंची टायर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र), छतावरचा रॅक आणि स्नॉर्केल (इंजिनची हवा उंचावरून घेणारी नळी) यांपैकी आधी काय घ्यावे. माझे मत विचाराल तर सध्या यांपैकी काहीच घेऊ नये. आधी वासाचे कारण शोधावे, मग थरथरीचे, आणि ती दोन्ही संपेपर्यंत गाडी डोंगराळ रस्त्यावर नेऊ नये.

मी व्यवसायाने मेकॅनिक नाही. जुन्या गाड्यांखाली बराच वेळ घालवलेला एक हौशी माणूस आहे, तेव्हा ब्रेकविषयी पुढे जे लिहितो आहे ते आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलशी आणि ब्रेकचे काम जाणणाऱ्या माणसाशी पडताळून घ्यावे. तेले बदलणे, चाकांची बेअरिंगे, शाफ्टचे क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे वाकणारे सांधे), स्टिअरिंगचे जोड यांची तपासणी आपण केली असेल असे मी धरून चालतो. चासीचा गंज मात्र पुन्हा एकदा पाहावा, विशेषतः मागच्या पाट्यांच्या कंसांजवळ आणि जिथे चासीची पोकळ पेटी बंद होते तिथे. वरून रंग शाबूत दिसतो आणि पत्रा आतून गेलेला असतो. छोट्या हातोडीने ठोकत गेल्यास खणखणीत आणि बद्द आवाजातला फरक लगेच कळतो.

आता मुख्य मुद्दा. आपल्या गाडीच्या पिढीतल्या बऱ्याच पिकअप गाड्यांत मागच्या ॲक्सलच्या वर, चासीला बसवलेला एक व्हॉल्व्ह असतो आणि त्यातून निघालेला एक दांडा ॲक्सलच्या हाउसिंगवरच्या कंसाला जोडलेला असतो. भाराप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा हा व्हॉल्व्ह आहे. त्याला भार प्रत्यक्ष मोजता येत नाही. चासी आणि ॲक्सल यांच्यातले अंतर किती आहे, एवढेच त्याला समजते. सामान भरले की पाटे दबतात, अंतर घटते, दांडा वर ढकलला जातो आणि मागच्या चाकांना जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असली की अंतर वाढते आणि मागची चाके अकाली जाम होऊ नयेत म्हणून व्हॉल्व्ह दाब रोखून धरतो. आता त्याच गाडीची चासी चार इंच उचलली आणि दांडा मात्र जुन्याच जागी ठेवला, तर व्हॉल्व्हच्या दृष्टीने ती गाडी कायमची रिकामी, किंबहुना रिकामीपेक्षाही हलकी होते. मागे पाण्याच्या टाक्या, तंबू, दोन जादा चाके असे सगळे भरलेले असतानाही मागचे ब्रेक नावापुरतेच लागतात आणि सगळे काम पुढच्या डिस्कवर येऊन पडते.

माझ्या गाडीत नेमके हेच झाले होते. ज्या वर्कशॉपने लिफ्ट बसवली, त्यांचे नाव घेत नाही. नाव कमावलेले ठिकाण होते आणि भिंतीवर मोहिमांचे फोटोही लावलेले होते. उतारावर वास येतो असे सांगितल्यावर त्यांनी पॅड बदलले. वास थांबला नाही, तेव्हा डिस्क बदलल्या. पुढे मास्टर सिलिंडरवर संशय गेला आणि तोही बदलला गेला. प्रत्येक वेळी बिल माझ्या नावाने फाटले आणि प्रत्येक वेळी माझ्या चालवण्याच्या पद्धतीवर एक व्याख्यान ऐकावे लागले. गाडी वर्कशॉपच्या उचलयंत्रावर उभी असताना त्या दांड्याखालून त्यांची माणसे कितीदा गेली असतील, पण त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही, कारण लिफ्ट किटच्या डब्यात त्या दांड्यासाठी कोणताही सुटा भाग नव्हता आणि डब्यात नाही ते काम अस्तित्वातच नाही, अशी तिथली कार्यपद्धती होती. शेवटी ट्रकच्या ब्रेकची कामे करणाऱ्या एका वयस्कर कारागिराने गाडीखाली वाकून पाहिले आणि दांडा खाली ताणून लटकलेला दाखवला. हे घेऊन मी वर्कशॉपकडे परत गेलो, तेव्हा ‘तो व्हॉल्व्ह काढूनच टाका, सगळे काढतात’ असा सल्ला मिळाला. त्या एका वाक्याचा राग मला आजही येतो.

तो व्हॉल्व्ह काढू नये. व्हॉल्व्ह बाजूला सारून थेट नळी जोडली, तर रिकाम्या पिकअपमध्ये ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबताच मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम होतात आणि गाडीची शेपूट पुढे येऊ पाहते. लिफ्ट केलेल्या, उंच आणि जड झालेल्या गाडीत हे कोणत्याही थकलेल्या पॅडपेक्षा वाईट आहे. योग्य उपाय साधा आहे: चासी जितकी उचलली, साधारण तितकाच ॲक्सलवरचा कंस उंच करायचा किंवा त्या मापाचा लांब दांडा बसवायचा, म्हणजे दांड्याचा मूळ कोन परत येतो. त्यानंतर दाब मोजण्याचे दोन गेज, एक पुढच्या आणि एक मागच्या चाकाच्या ब्लीडरला (ब्रेकमधली हवा काढण्याच्या बोल्टला) लावून, मॅन्युअलमध्ये ठरावीक भाराला पुढच्या दाबाच्या तुलनेत मागचा दाब किती असावा म्हणून दिलेला असतो, त्याच्याशी जुळवायचे. काही गाड्यांत या व्हॉल्व्हलाही स्वतंत्र ब्लीडर असतो. ब्लीडिंग करताना तो वगळला तर हवा तिथेच अडकून बसते.

यात आणखी एक बारकावा आहे, ज्याचा उल्लेख फारसा कुठे होत नाही. लिफ्टसोबत आलेले पाटे मूळ पाट्यांपेक्षा कडक असतात. तेवढ्याच भाराला ते कमी दबतात, म्हणून कंस उंच केल्यावर रिकाम्या गाडीचे गणित जुळले तरी भरलेल्या गाडीत व्हॉल्व्हला भार प्रत्यक्षापेक्षा कमीच वाटत राहतो. त्यामुळे जुळवणी रिकाम्या गाडीवर करून थांबू नये. प्रवासाला निघताना असते तेवढे वजन मागे ठेवून दाब पुन्हा मोजावा आणि मग मध्यम मार्ग काढावा. बारीक जुळवणी गेज असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावी, अंदाजाने नट फिरवत बसू नये.

याच वेळी ब्रेकच्या लवचीक नळ्याही पाहाव्यात. गाडी चासीखाली घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) उभी करून चाके पूर्ण खाली लोंबू द्यावीत, पुढे स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाहावे आणि कोणतीही नळी ताणली जात नाही ना, हे डोळ्यांनी तपासावे. शॉकॲब्सॉर्बर आखूड असतील तर चाक खाली जाण्याची मर्यादा तेच ठरवतात आणि थोड्याच दिवसांत त्यांचे डोळे, म्हणजे टोकांच्या कड्या, तुटतात. लिफ्ट बसवताना यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळणारे बोल्ट) नवे घातले होते का, हेही विचारून घ्यावे. एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट पुन्हा वापरू नये आणि नवेही काही शेकडो किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने परत आवळावे लागतात. पुढच्या ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये उंची वाढवण्यासाठी ठोकळे घातलेले आढळले, तर ते पाहताक्षणी काढून टाकावेत. यावर माझ्याशी कोणी वाद घालू नये.

थरथरीकडे येतो. टायर बदललेले नसताना ती लिफ्टनंतर सुरू झाली असेल, तर चाकांचे बॅलन्सिंग करून घेण्यात पैसे घालवू नयेत. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन टोकांना एकेक क्रॉस असतो आणि क्रॉस वाकलेल्या कोनात फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो व दोनदा कमी करतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले, म्हणजे ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्सची शक्ती पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे वाटणाऱ्या पेटीचा) आणि डिफरन्शियलचा (ॲक्सलच्या मधल्या दात्यांच्या पेटीचा) अक्ष समांतर असला, तर एका टोकाची ही ओढाताण दुसरे टोक रद्द करते. लिफ्टमुळे शाफ्टचा उतार वाढतो आणि लांब शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारी हलती कडी) किंवा चुकीच्या ठोकळ्यांमुळे डिफरन्शियलचे तोंड फिरले असेल तर ही समांतरता जाते. उपाय म्हणजे पाटा आणि ॲक्सलचे बैठक-पॅड यांच्यामध्ये पोलादी पाचर घालून तोंड योग्य कोनात आणणे. फोनमधल्या कोनमापकानेही प्राथमिक माप घेता येते, मात्र गाडी सपाट जागी आणि स्वतःच्या चाकांवर उभी असताना. ट्रान्सफर केसच्या बाजूला दुहेरी क्रॉस असलेला शाफ्ट घातला असेल तर नियम बदलतो: तिथे डिफरन्शियलचे तोंड जवळजवळ थेट ट्रान्सफर केसकडे रोखलेले हवे. पुढच्या ॲक्सलला पाचर घालताना स्टिअरिंगचा कॅस्टर कोनही (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन) बदलतो, म्हणून तिथे दोन गोष्टींची तडजोड करावी लागते. कॅस्टर कमी पडला की गाडी सरळ रस्त्यावर भरकटते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून मधे येत नाही.

टायरबद्दल. चार इंचांच्या लिफ्टने डिफरन्शियलखालची मोकळी जागा एक इंचानेही वाढत नाही, कारण सलग ॲक्सल चाकांच्या मध्यावरच राहतो. ती जागा फक्त टायर वाढवतो आणि तीही व्यासातल्या वाढीच्या निम्मी. आपल्या गाडीला मुळात २९ इंची टायर असतील असे समजू. ३३ इंची घातल्यास खाली मिळतात दोन इंच, आणि गिअरिंग सुमारे १४ टक्क्यांनी उंच होते: ४.१० प्रमाणाचे (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१० फेरे) डिफरन्शियल ३.६० सारखे वागते आणि स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी ६८ ने धावत असते. जुन्या, टर्बो नसलेल्या डिझेलला हे चढावर झेपत नाही, क्लच जळतो आणि ब्रेकवरचा भार पुन्हा वाढतो. ते भरून काढायला ४.५६ किंवा ४.८८ चे दाते घालता येतात, पण पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलमध्ये एकच प्रमाण हवे. नाहीतर फोर-व्हील टाकताच दोन ॲक्सल एकमेकांशी झगडतात आणि त्यात ट्रान्सफर केस भरडला जातो. माझा आग्रह ३१ इंचांवर थांबण्याचा आहे. तेवढ्यासाठी चार इंचांचीसुद्धा गरज नसते, दोन इंच पुष्कळ होतात. बसवलेली लिफ्ट उतरवण्याचा सल्ला कोणालाच आवडत नाही, हे जाणूनही लिहितो आहे.

छतावरचा रॅक मी सर्वांत शेवटी ठेवीन. कडेने उतरत्या वाटेवर छतावरचे प्रत्येक किलो गाडी उलटवायला मदत करते, आणि आपली गाडी लिफ्टने आधीच उंच झालेली आहे. पाणी नेहमी खाली आणि दोन्ही ॲक्सलच्या मध्ये ठेवावे; एका लिटरचे वजन एक किलो, म्हणजे साठ लिटरची टाकी हा जवळजवळ एक प्रवासीच झाला. विंच घेताना गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट क्षमतेची घ्यावी. पण त्याआधी पुढे आणि मागे चासीला बोल्टने पक्के बसवलेले, क्षमता लिहिलेले रिकव्हरी पॉइंट (अडकलेली गाडी ओढण्यासाठी पट्टा अडकवण्याच्या जागा) लावून घ्यावेत. ट्रेलर ओढण्याच्या गोळ्याला रिकव्हरीचा पट्टा अडकवू नये. झटक्याने तो गोळा तुटून उडाल्यामुळे माणसे मेलेली आहेत.

स्नॉर्केलपूर्वी ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या श्वासनळ्या (आतली हवा बाहेर-आत जाण्याच्या नळ्या) वर बॉनेटच्या उंचीपर्यंत न्याव्यात. तापलेले डिफरन्शियल थंड ओढ्यात उतरले की आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून पाणी आत ओढले जाते; पुढच्या वेळी ड्रेन बोल्ट काढल्यावर तेल दुधाळ दिसते ते यामुळे. हे काम स्वस्त आहे आणि एका दुपारी होते. स्नॉर्केल बसवले तरी एअर क्लीनरच्या पेटीपासून इंजिनपर्यंतचा प्रत्येक जोड हवाबंद नसेल तर त्याचा उपयोग फक्त शोभेपुरता राहतो.

आणखी एक गोष्ट, जी देशागणिक बदलते. लिफ्ट, टायरचा आकार आणि ब्रेकमधील बदल यांची नोंद व मंजुरी लागते का, हे आपल्या नोंदणी कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तरही लेखीच घ्यावे. खिडकीवरच्या माणसाने तोंडी दिलेला होकार अपघातानंतर कोणाच्याच लक्षात राहत नाही.

आपण मागच्या ॲक्सलवरच्या त्या दांड्याचा बाजूने काढलेला एक फोटो, प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन आणि लिफ्टमध्ये शॅकल बदलले की फक्त पाटे, एवढी माहिती इथे टाकावी. फोटो गाडी चाकांवर उभी असताना काढावा, उचललेली असताना नव्हे, नाहीतर दांडा सगळ्याच गाड्यांत लटकलेला दिसतो. तोवर उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरावे आणि मागे जड सामान भरू नये.