सुनेला गहू चालत नाही. नाताळच्या सुट्टीत मसाल्याची, जरा पौष्टिक बिस्किटं घरी कशी करावीत?

तुम्ही निपाणीहून विचारलंय की सुनेला सीलिएक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेननं लहान आतडं दुखावण्याचा आजार आहे, सुट्टीत मुलं-नातवंडं घरी येणार आहेत, आणि तिलाही सगळ्यांच्या पंक्तीला बसून खाता येतील अशी मसाल्याची बिस्किटं करायची आहेत, मैदा-साखरेपेक्षा बरी. माझ्या भाच्याला सहाव्या वर्षी हेच निदान झालं. दर सुट्टीत तो आमच्याकडे वडगावात येतो, त्यामुळे गेली चार वर्षं मी ही बिस्किटं करते आहे. कृती देतेच, पण आधी गिरणीचं बोलू द्या. चूक तिथेच होते.

पहिल्या वर्षी मी हौसेनं दोन किलो नाचणी निवडून, धुऊन, वाळवून जवळच्या गिरणीत दिली. माझ्या आधी कुणाचा तरी गव्हाचा डबा होता, तिकडे माझं लक्षही गेलं नाही. बिस्किटं सुरेख झाली. भाच्यानं चार खाल्ली आणि रात्रभर पोट धरून बसला. वहिनी रागावली नाही. सकाळी चहा ओतता ओतता एवढंच म्हणाली, "वन्सं, पीठ कुठनं दळून आणलंत?" ते वाक्य माझ्या अजून कानात आहे.

जात्याच्या दोन दगडांत आणि पीठ पडतं त्या कापडी नळीत आधीच्या गव्हाचं पीठ राहतंच. आपल्याला वाटतं, एवढ्याशानं काय होतंय? हिशेब करून बघा. ग्लूटेन म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन. 'ग्लूटेन-फ्री' म्हणवणाऱ्या पदार्थात १ किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असू नये असा नियम आहे, आपल्या देशातही तोच. १ ग्रॅम गव्हाच्या पिठात साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम ग्लूटेन असतं. म्हणजे ग्रॅमभर कणीक चार-पाच किलो नाचणी बाद करायला पुरते. गिरणीवाले मनाचे चांगले असतात, "आक्का, आधी तांदूळ घालून जातं साफ करतो की" म्हणतात. त्यानं गहू कमी होतो, जात नाही. गव्हानं नुसतं पोट जड होणाऱ्या माणसाला तेवढं चालेल. सीलिएक असलेल्याला चालणार नाही, कारण त्याचं शरीर ग्लूटेन दिसलं की स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर खरवडायला लागतं, आणि हे प्रत्येक वेळी होतं, बाहेरून त्रास दिसो वा न दिसो. मी आता घरघंटीवर दळते, तिच्यात गहू कधी घातलेलाच नाही. घरघंटी नसेल तर नाचणी मिक्सरवर थोडी थोडी फिरवून मलमलच्या कापडातून दोनदा गाळा. वेळ लागतो, पण पीठ खात्रीचं मिळतं. चाळण मात्र नवी घ्या, रोजच्या कणकेची नको.

तयार पीठ घ्यायचंच असेल तर विचारून घ्या. आपल्या भागात निम्मे दुकानदार कन्नड बोलणारे. "इद्राग गोधी ऐतेन्री?" एवढं विचारता आलं तरी काम होतं, गोधी म्हणजे गहू. बेकरीतल्या 'नाचणी बिस्किटां'वर तर मुळीच भरवसा ठेवू नका. पाकीट उलटून घटक वाचलेत तर बहुतेक वेळा नाचणीच्या आधी मैदाच लिहिलेला दिसेल.

आता पौष्टिकपणाचं. गहू काढला म्हणून बिस्किट आपोआप चांगलं होत नाही. बाजारातली बरीच ग्लूटेन-फ्री बिस्किटं म्हणजे तांदळाचं पीठ, मक्याचा स्टार्च आणि भरपूर साखर. आपल्याकडे मात्र हाताशी काय नाही? खानापूरच्या डोंगराकडची नाचणी आहे, अथणी-गोकाककडचा शाळू, म्हणजे रब्बीचा जोंधळा आहे. नाचणीत १०० ग्रॅममागे ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आतडं दुखावलेल्या माणसाला कॅल्शियम आणि लोह नीट अंगी लागत नाही, म्हणून मी नाचणीच मुख्य धरते. गूळ घालते तो चवीसाठी. गूळही साखरच, घरात कुणाला मधुमेह असेल तर गुळाची आहेत म्हणून मोकळ्या हातानं देऊ नका.

खरी अडचण बांधणीची. गव्हाला चिकटपणा देतं ते ग्लूटेनच. ते नसलं की बिस्किट हातात घेताच वाळूसारखं पडतं. माझे पहिले दोन घाणे असेच गेले. बाहेरचे लोक त्यासाठी विकतचा डिंकासारखा पदार्थ घालतात. मला उत्तर आईच्या भाकरीत सापडलं. जोंधळ्याच्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, नसली की आई काय करायची? उकळतं पाणी ओतायची, पीठ जरा उकडलं की थापताना भाकरीच्या कडा फाटायच्या नाहीत. तेच इथे करायचं. दोन मोठे चमचे शाळूचं पीठ पाव वाटी दुधात गुठळ्या न ठेवता कालवायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. मिनिटभरात ते जड होतं, चमचा ओढला की मागे भांड्याचा तळ दिसतो. तिथे उतरवायचं आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. गरम घातलंत तर लोणी वितळेल आणि बिस्किटं ताटभर पसरतील.

पुढचं सोपं आहे. १२० ग्रॅम नाचणीचं पीठ कढईत मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजा; न भाजलेल्या नाचणीला मातकट चव येते, मुलं तिथेच नाकं मुरडतात. पीठ गार झालं की त्यात ५० ग्रॅम शाळूचं पीठ, ४० ग्रॅम भाजलेल्या काजूची किंवा शेंगदाण्याची भरड, पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ मिसळा. वेगळ्या भांड्यात ९० ग्रॅम लोणी आणि ९० ग्रॅम बारीक किसलेला गूळ हातानं फेसा, गुळाचा खडा बोटाला लागता कामा नये. त्यात गार झालेली शाळूची उकड, मग कोरडं मिश्रण. कणीक मळतो तसं मळायचं नाही, गोळा जमेपर्यंत एकत्र करायचं. मग झाकून अर्धा तास ठेवाच. नाचणी सावकाश ओल पिते. घाई केली तर बिस्किट कचकचतं.

मसाला हा या बिस्किटाचा जीव आहे, तिथे हात आखडू नका. एक चमचा सुंठ, एक चमचा दालचिनी, चार लवंगा, चार वेलदोडे, सहा-सात मिरी आणि पाव जायफळ. सुंठेची पूड आणि जायफळ सोडून बाकीचं तव्यावर नुसतं कोमट करायचं आणि ताजं कुटायचं, जायफळ वरून किसायचं आणि हे सगळं आधीच कोरड्या मिश्रणात घालायचं. गोकाकचं करदंट, ती गूळ-सुक्यामेव्याची मिठाई, खाल्लं असेल तर गूळ आणि जायफळ एकत्र आले की काय वास सुटतो ते तुम्हाला सांगायला नको. विकतची मसाल्याची पूड टाळा, तीही गव्हाच्याच चक्कीवर दळलेली असू शकते.

छोट्या लिंबाएवढे चोवीसेक गोळे होतात. ते तळव्यावर किंचित चपटे करून १६५ अंशांवर १५-१६ मिनिटं भाजा. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मीठ तापवून, वर जाळी ठेवून झाकण लावा. तसे २० ते २५ मिनिटं लागतात. नाचणी मुळातच तांबूस, त्यामुळे रंगावरून काही कळत नाही, नाकावर विसंबा. बाहेर काढल्यावर ती मऊच लागतील. दहा मिनिटं ताटातून हलवू नका, गार होताना घट्ट होतात. एका बिस्किटात चार ग्रॅमच्या आत गूळ जातो.

नाताळात आमच्या ओळखीच्या कॅम्पातल्या घरातून कुलकुल आणि नेवऱ्यांचं ताट येतं. त्यात मैदा असतो, ते भाच्याला देत नाही, पण ताट परत करताना ही बिस्किटं घालते आणि आता तिकडूनच डिसेंबर लागला की विचारणा होते. तुमच्याकडेही फराळाचं काही उरलेलं असेल तर एक सांगते, चिवडा-चकली गव्हाची नसली तरी हिंगाची डबी वाचा. बाजारातल्या बऱ्याच हिंगात मैदा मिसळलेला असतो. हे मला फार उशिरा कळलं.

नातवंडांपैकी कुणाचं पोट वारंवार बिघडत असेल, वाढ खुंटली असेल, तर गहू बंद करण्याआधी डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घ्या. आधीच गहू सोडला तर आजार असूनही तपासणीत तो न सापडण्याची शक्यता असते. आईला सीलिएक असलं की मुलांना असण्याची शक्यता जास्त असते, म्हणून लिहिलं.

सुनेसाठी डबा वेगळा ठेवा आणि त्यावर रंगीत दोरा बांधा. पाव खाल्लेला हात त्या डब्यात जाऊ नये एवढं मुलांना सांगितलं की झालं. आमच्याकडे डब्यावर लाल रिबीन आहे, भाचा आला की पिशवी ठेवायच्या आधी फडताळात ती बघतो.