ठाण्याच्या उपवन तलावाकाठी धावायला सुरुवात करताय? मग हे वाचा

पहिल्याच आठवड्यात पाच किलोमीटरचा हट्ट धरू नका. दिवसाआड, आठवड्यातून तीनदाच या. आधी पाच मिनिटं भरभर चाला. मग एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं आठ वेळा. धावताना एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटत असतील तर वेग जास्त आहे. बहुतेकांचं बिनसतं ते इथेच: दमसास लवकर वाढतो, हाडं आणि स्नायुबंध मागे राहतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी ठणकायला लागते. नडगीच्या हाडावर एकाच जागी दाबल्यावर कळ आली, तर धावणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हे अंगावर काढू नका, अगदी कळकळीने सांगतोय.

आता ‘मला जमेल का?’ याबद्दल. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं होतं, की स्वतःवरचा विश्वास सर्वांत पक्का होतो तो काम प्रत्यक्ष पार पाडल्याने. म्हणून वही ठेवा. तारीख, धावलेली मिनिटं, कुठे दुखलं. एक ओळ पुरे. मन कच खाईल तेव्हा मागची पानं उलटा.

बूट-मोजे रात्रीच दाराशी काढून ठेवा. पावसाळ्यात तलावाकाठी शेवाळ धरतं, तिथे धावू नका. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटं चाला आणि तेही वहीत लिहा. घोडबंदरच्या ट्रॅफिकमुळे एखादा दिवस हुकलाच, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट धावून भरपाई करू नका. ठरलेलं तेवढंच करा.