थेरपीसाठी एसआयपी थांबवू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात नोकरी करणारी ३१ वर्षांची ताई, पगार हातात ४६ हजार. भाडं १२, साताऱ्याला घरी ८, म्युच्युअल फंडाची एसआयपी ७, गाडीचा हप्ता ३,४००, भिशी ३ हजार. एफडी दोन, एक लाखाची आणि एक ४० हजारांची. सहा महिने नीट झोप नाही, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावून वीस मिनिटं तशीच बसून राहते आणि मग वर जाते. एका प्रायव्हेट थेरपिस्टकडे चौकशी केली, सेशनला १,४००, आठवड्याला एक, शनिवारी. आई म्हणते नुसतं बोलायला एवढे पैसे कशाला, मैत्रिणीशी बोल. ताईंचा प्रश्न, एसआयपी थांबवू की महिन्यातून एकदाच जाऊ?

ताई, दोन्ही नको. एफडी मोडा, ४० हजारांची.

तुमचे सगळे खर्च जाऊन हातात १२,६०० उरतात, त्यात जेवण, पेट्रोल, मोबाईल सगळं. त्यातून महिन्याला ५,६०० आणि पाच शनिवारांच्या महिन्यात ७ हजार काढायला गेलात तर दुसऱ्याच महिन्यात ओढाताण होणार आणि पहिली काट थेरपीलाच लागणार, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय. म्हणून महिन्याच्या बजेटमधून नकोच. बारा सेशन्सचे १६,८०० होतात, ते आणि वर दोन जादा सेशन्स धरून २० हजार वेगळ्या खात्यात काढून ठेवा, उरलेले २० परत एफडीत टाका. इमर्जन्सी फंड म्हणतो तो अशाच वेळेसाठी असतो, गुडघा मोडला असता तर तुम्ही मला विचारलंही नसतं. तुमची भिशी डिसेंबरला लागतेय असं लिहिलंय, तेव्हा हा खड्डा आधी भरा. (एफडी नसतीच तर एसआयपी थांबवा असं मी डोळे झाकून सांगितलं असतं.)

महिन्यातून एकदा का नको ते सांगतो. पहिली एक-दोन सेशन्स बहुतेक माहिती घेण्यात जातात. झोप कशी, भूक कशी, घरी कोण, आधी काही आजार, गोळ्या चालू आहेत का, कधी जीव द्यावासा वाटला का, हे सगळं विचारतात आणि ते विचारणं त्यांचं कामच आहे. एक संमतीचा फॉर्म असतो, त्यात गोपनीयतेबद्दल लिहिलेलं असतं, म्हणजे तुमचं बोलणं बाहेर जात नाही, पण तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर त्यांना कोणाला तरी सांगावं लागतं. महिन्यातून एकदा गेलात तर नुसती ओळख व्हायलाच दोन महिने जातील. सेशन ४५ ते ६० मिनिटांचं असतं. लग्न कर किंवा नोकरी सोड असं कोणी सांगणार नाही, तशी अपेक्षा ठेवून गेलात तर पैसे वाया गेले असं वाटेल. आणि सुरुवातीला बाहेर पडल्यावर कधीकधी आधीपेक्षा जड वाटतं. मी वडील गेल्यावर गेलो होतो तेव्हा पहिल्या सेशननंतर अर्धा तास गाडी चालू करवली नाही, म्हणून त्या वेळेनंतर लगेच ऑफिसचा कॉल ठेवू नका.

माझा एक अनुभव तुमच्या उपयोगाचा आहे. मी ज्यांच्याकडे आधी गेलो त्यांनी दहा सेशन्सचं पॅकेज स्वस्त पडेल म्हणून आगाऊ पैसे घेतले, तिसऱ्या सेशनला कळलं की आपलं जमत नाहीये आणि उरलेले पैसे परत मिळाले नाहीत. सगळ्यात वाईट म्हणजे दुसरीकडे जायला मी वर्षभर टाळाटाळ केली. तेव्हा पैसे सेशनगणिक द्या. ऐनवेळी रद्द केलं तर फी लागते का, किती तास आधी कळवायचं, हे पहिल्याच फोनवर विचारा. शिक्षण विचारायला लाजू नका, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी नंबर असतो. काउन्सेलर असतील तर पदवी कुठली, अनुभव किती, ते विचारा. गोळ्या मात्र सायकियाट्रिस्ट देतात, सायकॉलॉजिस्ट नाही, आणि सहा महिने झोप नाही म्हणजे एकदा त्यांच्याकडेही जायला सांगतील, तो खर्च जादाच्या पैशांतून करा, ससूनच्या, म्हणजे पुण्यातल्या सरकारी हॉस्पिटलच्या, ओपीडीत तो फारच कमी येईल. सहाव्या सेशनला थेरपिस्टशी सरळ बोला की कुठपर्यंत आलो, अजून किती लागतील, फी थोडी कमी होईल का. नाहीच जमलं तर थेरपिस्ट बदला, ते जादाचे पैसे त्यासाठीही आहेत, कारण नवीन ठिकाणी सगळं पुन्हा सांगावं लागतं.

विम्याचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शरीराच्या आजारासारखंच मनाच्या आजारालाही कव्हर द्यायचं बंधन कंपन्यांवर आहे, पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात, सेशन म्हणजे ओपीडी, ती क्वचितच बसते. टॅक्समध्येही तुमच्या वयाला या फीची सूट नाही. कंपनीत कर्मचाऱ्यांसाठी काउन्सेलिंगची सोय आहे का ते बघा, असेल तर काही सेशन्स फुकट मिळतात. आणि तुमच्याकडे फक्त कंपनीचा मेडिक्लेम आहे, पुढे स्वतःची पॉलिसी घ्याल तेव्हा फॉर्ममध्ये ही ट्रीटमेंट लपवू नका, लपवलेलं नंतर निघालं तर भलत्याच आजाराचा क्लेमही अडकू शकतो. कदाचित प्रीमियम थोडा वाढेल किंवा त्या आजारासाठी थांबावं लागेल, हल्ली जास्तीत जास्त तीन वर्षं. पण त्या भीतीने थेरपी पुढे ढकलू नका.

आईंना सांगा, मैत्रीण पाहिजेच, पण रोज रात्री तीनला जाग येते त्याचं काय करायचं हे मैत्रिणीला शिकवलेलं नसतं.

पहिल्या अपॉइंटमेंटच्या आधीच एखादी रात्र फार कठीण गेली तर १४४१६ वर फोन करा, सरकारची टेली-मानस, चोवीस तास चालू आणि फुकट, मराठीत बोलता येतं. एफडी सोमवारी मोडा आणि शनिवारची वेळ आजच घेऊन टाका, शनिवारच्या वेळा लवकर भरतात.