गॅरेजमधला पसारा आवरायला सुरुवात कुठून करू? पक्कड शोधण्यातच अर्धा तास जातो

रॅक किंवा डबे विकत आणण्याआधी गॅरेजमधलं सगळं बाहेर अंगणात काढा आणि नको ते आधी घालवा. मी टूलरूममध्ये काम करतो. तिथे कामाची जागा नीट ठेवायच्या पाच पायऱ्यांच्या जपानी 5S पद्धतीत पहिली पायरी 'सेइरी' म्हणजे निवड, मांडणी म्हणजे 'सेइतोन' त्यानंतर. क्रम उलटा केला की भंगारच नीट रचून ठेवलं जातं. ज्या वस्तूचा निर्णय होत नाही तिला तारखेची लाल चिठ्ठी लावून एका खोक्यात टाका. वर्षभर हात लागला नाही तर भंगारवाल्याला. (उरलेल्या स्क्रूंची बरणी प्रत्येक घरात असते, ती राहू द्या.) मग प्लायचा एक तुकडा भिंतीवर लावा, खिळे ठोकून पाने, पक्कड, हातोडी, करवत टांगा आणि प्रत्येकाभोवती मार्करने बाह्यरेषा काढा. रिकामा आकार दिसला की काय जागेवर आलेलं नाही ते लगेच कळतं. प्लायमागे पट्ट्या ठोकून भिंतीपासून बोटभर अंतर ठेवा, नाहीतर पावसाळ्यात भिंतीची ओल हत्यारांवर गंज चढवते.

फक्त सगळंच भंगारात देऊ नका. जुनी इन्व्हर्टर किंवा गाडीची बॅटरी विक्रेत्याकडे परत द्या, नवीन घेताना तिचे पैसे वळते होतात. अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा तर बोळा करून कोपऱ्यात टाकूच नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून पूर्ण वाळवा, मगच फेका.